चावीवाला

डॉक्टरीणबाईंनी केसपेपरच्या पाठीवर हृदय काढलं:
चार खोल्या, मधे दारं, बाण.
आप्पांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं,
म्हणाले, "म्हणजे आमच्याच खात्याचं काम."

एकतीस वर्षं जलखात्यात.
पहाटे पावणेचारला असल्फ्याचा चढ,
खांद्यावर लोखंडी चावी, स्वतःच्या उंचीएवढी.
झाकण उचलायचं, चावी खाली सोडायची,
अंधारात बोटांनाच दिसतो तो चौकोनी माथा,
बावीस आटे, डावीकडे.
मग उभं राहायचं
वरच्या वस्तीत हंडे खणखणेपर्यंत.
बायकांना त्यांचं नाव माहीत नव्हतं.
त्यांना पाहून म्हणायच्या, "पाणी आलं,"
आणि ते मान हलवायचे,
कुणी हाक मारल्यासारखे.

दुखणं नोकरीहून जुनं.
नवव्या वर्षी घसा धरला, ताप आला,
मग गुडघे सुजले, एक उतरला की दुसरा.
निर्गुडीचा पाला, गरम वीट, बिब्ब्याचा डाग.
गुडघे बरे झाले. ताप गेला,
जाताना आतल्या एका दाराच्या कडा
एकमेकींना चिकटवून गेला.
चाळीस वर्षं ते दार अर्धंच उघडत होतं
आणि आप्पा सगळ्या टेकडीचे व्हॉल्व उघडत होते.

चढाला दम लागायचा. ते म्हणायचे, वय.
रात्री दोन उशा लागायच्या. म्हणायचे, अॅसिडिटी.
मग जानेवारीत एका सकाळी
बशी हातातून सुटली, तोंड वाकडं झालं,
माझं नाव निम्मंच बाहेर आलं.
वीस मिनिटांनी सगळं जागेवर. चहा मागितला.
मी लादी पुसत होते, फडकं थांबत नव्हतं.

"दार अरुंद, म्हणून मागचा कप्पा ताणलाय," बाई म्हणाल्या.
"ताणून ताणून तो ठोका द्यायचंच विसरलाय. नुसता थरथरतो.
थरथरतं रक्त साकळतं."
आप्पा म्हणाले, "कळलं. प्रेशर तुंबलं की लाइन थडथडते."
फुगा घालून दार मोकळं करणार, मार्चची तारीख.
"फुगा? आम्ही पहार घालतो."
बाई हसल्या. मी नाही.

आता रक्त पातळ ठेवायची गोळी, संध्याकाळी सातला.
दर महिन्याला शीवच्या हॉस्पिटलात सुई.
मेथी खायची तर रोज तेवढीच, नाहीतर नको.
दाढीचं ब्लेड मी लपवलंय, त्यांना माहीत आहे कुठे.
आणि नाडी मोजायची. पूर्ण एक मिनिट,
पंधरा सेकंद गुणिले चार चालत नाही इथे.
एक. दोनतीन.
.........चार.
पाच, सहासात,
आठ आला की नाही?
पाण्याची कपातसुद्धा वार सांगून येते,
मंगळवारी म्हणजे मंगळवारी.
ह्याला वार नाही, पाळी नाही.
मी ताल शोधते, सापडला असं वाटतं,
तेवढ्यात तो वळून दुसऱ्याच गल्लीत जातो.

चावी आता वैजूकडे.
आप्पांना चौकीत बसायचं काम, रजिस्टर, पंखा.
आज चारला फोन वाजला: टाकीखालचा व्हॉल्व अडकलाय,
काका, फिरतच नाही.
आप्पा उठून बसले, एक हात माझ्या हातात तसाच.
"जोर करू नको. तुटेल.
अर्धा आटा मागे घे. घेतलास? थांब.
आता पुढे. हळू. परत मागे.
त्याला आधी सैल होऊ दे रे,
गंजलेल्याशी भांडायचं नसतं."

मी घड्याळाकडे बघत होते. एकेचाळीस. बेचाळीस, त्रे...
फोनमध्ये आधी हवा सुटली,
खोकल्यासारखी, तुटक तुटक,
मग लांब कुठेतरी पाणी.
आप्पांनी डोळे मिटले.
मी कितीवर होते ते विसरले.

परत एकपासून.